नवं व्हील बेअरिंग दीड हजार किलोमीटरमध्ये का गेलं?

पुढच्या उजव्या चाकातून ६०च्या वेगाला घूंऽऽ असा आवाज येत होता म्हणून तुम्ही घरीच, १२ टनी हायड्रॉलिक प्रेसवर, व्हील बेअरिंग बदललंत. काही दिवस गाडी शांत चालली आणि १,५०० किलोमीटरच्या आत तोच आवाज पुन्हा सुरू झाला. आता पुढचं बेअरिंग कोणत्या कंपनीचं घ्यावं आणि २० टनी प्रेस घेतला तर काम नीट होईल का, असं तुम्ही विचारताय.

कंपनीचं आधी सांगतो. बाजारात बनावट माल असतो आणि तो लवकर जातो, म्हणून खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. पण नीट बसवलेलं बेअरिंग लाखभर किलोमीटर सहज चालतं, आणि जे हजार-दीड हजारात जातं ते बहुतेक वेळा बसवतानाच दुखावलेलं असतं. प्रेसचा प्रश्नही टनांचा नाही. नवं बेअरिंग आत जायला १२ टन भरपूर झाले. गंजून धरलेलं जुनं काढताना मात्र कधी कधी ते कमी पडतात. तुमच्या बाबतीत विचारायचं ते वेगळंच आहे: प्रेसचा दाब कोणत्या वाटेने गेला? तो छर्‍यांमधून (बेअरिंगच्या आतल्या गोळ्यांमधून) गेला असेल, तर ते बेअरिंग गाडीवर चढण्याआधीच संपलं होतं.

हे सगळं गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे, म्हणून एक खुलासा. हल्लीच्या बर्‍याच गाड्यांत बेअरिंग आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) एकत्र येतात, तीन-चार बोल्टने नकलला (सस्पेन्शनला जोडलेल्या, हब धरणाऱ्या भागाला) बसतात आणि तिथे प्रेस लागतच नाही. जुन्या पद्धतीच्या टेपर रोलर बेअरिंगमध्ये नट हाताने जुळवून प्ले (ढिलेपणा) ठरवतात, ते तंत्र निराळं. तुम्ही प्रेस वापरला त्या अर्थी तुमची तिसरी रचना आहे: छर्‍यांच्या दोन रांगांचं सीलबंद बेअरिंग नकलच्या भोकात दाबून बसवलेलं, त्याच्या आतल्या रेसमध्ये (छर्रे ज्या दोन कड्यांमध्ये फिरतात त्यांतल्या आतल्या कड्यात) हब दाबलेला, आणि हबमधून ड्राइव्ह शाफ्ट जाऊन बाहेरून मोठा नट. पुढचं सगळं याच रचनेबद्दल लिहितो.

पुन्हा खोलण्याआधी आवाज खरंच त्याच बेअरिंगचा आहे ना, ते पाहा. मोकळ्या रस्त्यावर गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं; तेव्हा आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना दबला, तर बहुधा उजवंच. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाजाचा पोतही बदलत असेल तर टायरवर संशय घ्या. वर-खाली झिजलेला टायर अगदी बेअरिंगसारखाच गुरगुरतो. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून बघा, आवाज त्यांच्याबरोबर हलला तर बेअरिंगला हात लावायचं कारण नाही. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती तपासणी अशी: चाक जॅकवर उचलून, जॅक स्टँडवर टेकवून, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसर्‍या हाताने चाक फिरवायचं. बेअरिंग गेलेलं असेल तर वाळूवर पाय घासल्यासारखी बारीक खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी कळते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर प्ले लागला, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा. राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनमध्ये शोधा.

आता दाबाच्या वाटेकडे येतो. छर्रा रेसला टेकतो ती जागा तिळापेक्षाही लहान असते. गाडी चालताना तिचं वजन फिरत्या छर्‍यांवर वाटलं जातं आणि ते त्यांना झेपतं. प्रेसवर बेअरिंग स्थिर असतं. आतल्या रेसवर दाब देऊन बाहेरची रेस घट्ट भोकात ढकलली, तर ते सगळे टन छर्‍यांच्या एकाच रांगेतून आणि त्या तिळाएवढ्या ठिपक्यांतून जातात. रेसचं पोलाद कठीण असतं, तरी त्यावर प्रत्येक छर्‍याखाली एक खळगी पडते. माझ्याकडे अशी एक कापलेली रेस आहे, काम शिकायला येणार्‍या मुलांच्या हातात मी पहिल्या दिवशी तीच देतो. नखाला काहीच लागत नाही. दिव्याखाली तिरकी धरली की चकचकीत वाटेवर सारख्या अंतरावर अंधुक ठिपके दिसतात, छर्‍यांच्या अंतरावर अगदी मोजून ठेवल्यासारखे. फिरताना प्रत्येक छर्रा त्या प्रत्येक खळगीवरून जातो, खळगीची कड हळूहळू सोलवटते आणि काही आठवड्यांत घूंऽऽ सुरू होतं.

मी स्वतः शिकाऊ असताना हेच केलं आहे. बेअरिंग नकलमध्ये नीट बसवलं होतं, पण हब दाबताना खाली आधार नकलला दिला, बेअरिंगच्या आतल्या रेसला नाही. काम झाल्यावर हब हाताने फिरवून पाहिला, लोण्यासारखा फिरला. दोन आठवड्यांनी गाडी आवाज करत परत आली. तेव्हापासून मी हाताने फिरवून ‘छान झालंय’ असं कधी म्हणत नाही. तिथे खळगी कळत नाही, वजन आल्यावर कळते.

म्हणून नियम एकच, आणि तो प्रत्येक दाबाच्या आधी मोठ्याने म्हणा: जी रेस घट्ट जागेतून सरकते आहे, तिलाच दाब किंवा तिलाच आधार. बेअरिंग नकलमध्ये जाताना बाहेरची रेस सरकते, म्हणून दाब बाहेरच्या रेसवर. हब बेअरिंगमध्ये जाताना आतली रेस घट्ट धरते, म्हणून आधार आतल्या रेसखाली. जुनं काढताना हा नियम मोडला तरी चालतो, कारण ते बेअरिंग फेकायचंच असतं. आणि हब काढताना तो मोडतोच, दुसरा मार्ग नाही. म्हणूनच ‘फक्त हब बदलायचा होता, बेअरिंग जुनंच घातलं’ हा प्रकार या रचनेत चालत नाही. हब एकदा ओढून काढला की बेअरिंग गेलं.

खोलण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही ते एकदा केलेलं आहे. शाफ्टचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. एबीएसचा सेन्सर नकलमध्ये असेल तर प्रेसवर जाण्याआधी काढा; तो आत राहिला तर बेअरिंग सरकताना कापला जातो. शाफ्ट हबमध्ये अडकला असेल तर त्याच्या आट्यांवर हातोडा घालू नका, पुलर लावा. आणि शाफ्ट बाहेर ओढूही नका, आतल्या बाजूचा जॉइंट सुटतो. स्ट्रटचे दोन बोल्ट काढण्याआधी नकल आणि स्ट्रटवर खूण करून ठेवा, कारण काही गाड्यांत कॅम्बर (चाकाचा उभा कल) तिथेच ठरतो. शक्यतो मी नंतर अलाइनमेंट तपासून घेतोच.

हब बाहेर आला की बहुतेक वेळा आतल्या रेसचा अर्धा भाग त्याच्यावर चिकटून येतो. बेअरिंग सेपरेटर खाली घुसला तर उत्तम. नाही घुसला तर ग्राइंडरने रेसला तिरका काप द्यायचा, पण आरपार नाही. ग्राइंडरची चकती हबला टेकण्याच्या जरा आधी थांबायचं आणि कापात छिन्नी ठेवून एक ठोका द्यायचा. कडक पोलाद असल्याने रेस ‘टक्’ करून तडकते आणि सैल होते. डोळ्यांवर गॉगल नसेल तर हा ठोका देऊ नका. हबवर ग्राइंडरची खोल रेघ उमटली तर तो हब मी परत वापरत नाही.

मग सर्क्लिप, म्हणजे बेअरिंग जागेवर धरणारी खाचेतली स्प्रिंगसारखी रिंग. गंज आणि चिखलाखाली ती दिसतच नाही, आणि माणूस प्रेसचा दांडा मारत बसतो. काही गाड्यांत दोन्ही बाजूंना एकेक सर्क्लिप असते. ब्रशने खाच साफ करून दोन्हीकडे बघितल्याशिवाय दाब देऊ नका, नाहीतर खाचेची कड तुटते आणि नकलच जातो. नवी सर्क्लिप बेअरिंगबरोबर येते, तीच वापरायची.

इथे थोडं थांबा. नकलचं भोक रिकामं झाल्यावर ते कसं दिसतं, याकडे घाईत सगळे दुर्लक्ष करतात. बेअरिंगच्या बाहेरच्या मापापेक्षा हे भोक काही शतांश मिलिमीटरने लहान असतं, आणि तेवढ्याच ताणावर सगळी पकड असते. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली असेल किंवा निळसर पडली असेल, तर जुनं बेअरिंग आतल्या आत फिरत होतं. अशा भोकात नवं बेअरिंग हाताच्या जोराने आत जातं, आणि त्याचा आनंद मानू नका. चिकट द्रव लावून ही झीज भरून येत नाही, नकल बदलावाच लागतो. हबच्या गळ्यालाही हेच लागू. तिथे गोल चरे पडले असतील किंवा पायरी लागत असेल तर बेअरिंगबरोबर हबही नवा घ्या. तुमच्या बाबतीत हा माझा दुसरा संशय आहे. भोक ठीक असेल तर बारीक पॉलिश पेपरने गंज काढा, पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा. ग्रीस थापू नका. बेअरिंगच्या तळाशी साचलं की ते पूर्ण टेकत नाही.

बेअरिंग आत घालताना घाम तापमानाच्या मदतीने वाचतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉनने वाढतं. म्हणजे ८० मिलिमीटरचं भोक ६० अंशांनी तापवलं की ते सुमारे ०.०६ मिलिमीटरने मोठं होतं. अ‍ॅल्युमिनिअमचा नकल असेल तर जवळपास दुप्पट. आपल्याला जिंकायचे असतात ते शतांश नेमके एवढेच. हॉट एअर गनने नकल सगळीकडून सारखा गरम करा, पाणी टाकलं तर जेमतेम चुरचुरेल इतपत. गॅसची ज्योत नको, ती एकाच ठिकाणी जाळते. बेअरिंग बंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर तेही थोडं आक्रसतं. बाहेर काढल्यावर लगेच काम करा, दव धरू देऊ नका. आणि बेअरिंगला उष्णता द्यायची नाही: आत आयुष्यभराचं ग्रीस आणि रबरी सील आहेत.

सरळ बसणं पहिल्या तीन मिलिमीटरमध्ये ठरतं. नकल वेडावाकडा असतो, प्रेसच्या पट्ट्यांवर तो आपोआप सपाट बसत नाही. भोकाची कड गुण्याने तपासा आणि खाली पट्ट्या घालून समतल करा. मग बेअरिंग हाताने ठेवा, बाहेरच्या रेसवर टेकणारी जाड रिंग वर ठेवा आणि हँडलचे दोन-तीन हलके झटके द्या. थांबा. चारही बाजूंनी नकलच्या कडेपासून बेअरिंग किती वर आहे ते व्हर्निअर कॅलिपरने मोजा. एक बाजू अर्धा मिलिमीटर वर असेल तर पुढे रेटू नका, उलट बाजूने काढून पुन्हा सुरुवात करा. ‘आत गेल्यावर आपोआप सरळ होईल’ असं होत नाही. ते भोकाची भिंत खरवडत जातं आणि तसंच तिरकं बसतं.

ती रिंग कुठून आणायची? जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस ही अगदी नेमक्या मापाची रिंग असते. बाहेरून ग्राइंडरने थोडी घासा आणि एका ठिकाणी आरपार चीर द्या, म्हणजे ती भोकात घट्ट अडकणार नाही. हातानेच आत-बाहेर झाली पाहिजे. मोठा सॉकेट उलटा ठेवून दाबणारे बरेच जण पाहिले आहेत. त्याची कड कधी बाहेरच्या रेसवर, कधी सीलवर, कधी आतल्या रेसवर टेकते. दाबण्याआधी रिंगच्या कडेला मार्करची शाई लावून बेअरिंगवर टेकवा. शाईचा ठसा फक्त बाहेरच्या रेसवर उमटला पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तुमच्या पहिल्या खेपेला बहुतेक हेच राहिलं असावं.

एबीएस असलेल्या बर्‍याच बेअरिंगमध्ये एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, सेन्सर तीच वाचतो. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे बहुतेक गाड्यांत आत गाडीच्या बाजूला जाते. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या असतात. त्यावर चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर ठेवू नका, हातोड्याने ठोकू नका. चुंबकाचे ध्रुव दाखवणारं कार्ड मिळतं, ते टेकवलं की पट्ट्या लगेच दिसतात. उलटं बसवलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं पुन्हा, तेही नवीन बेअरिंग घेऊन.

बेअरिंग तळाला टेकल्यावर हँडल एकदम जड होतं. तिथे थांबायचं. ‘अजून एक झटका’ कशालाही लागत नाही. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसून हाताने फिरली पाहिजे. बसत नसेल तर बेअरिंग अजून वर आहे.

आता हब. नकल उलटा करा आणि बेअरिंगच्या आतल्या रेसखाली नळीचा तुकडा किंवा जाड रिंग द्या, इतकी की तिची बाहेरची कड बाहेरच्या रेसला लागणार नाही आणि आतलं भोक हबच्या गळ्याला वाट देईल. नकल या क्षणी कशावरही टेकलेला नसतो, आतल्या रेसवर तोलून असतो. दिसायला ते अस्थिर वाटतं आणि म्हणूनच लोक घाबरून नकलखाली ठोकळे सारतात. तिथेच घात होतो. नकल हाताने हलकेच धरायला कुणाला तरी सांगा, ठोकळा नको.

प्रेसपाशी उभं राहताना शरीर रॅमच्या रेषेबाहेर ठेवा. अडकलेलं बेअरिंग धडामकन सुटतं आणि रेसचा तुकडा उडू शकतो. दाब वाढत चालला आहे आणि काहीच हलत नाही, तर दाब सोडा आणि सर्क्लिप, सेन्सर, आधार हे तिन्ही पुन्हा बघा.

शाफ्टचा नट हा माझा तिसरा संशय. या बेअरिंगची आतली रेस दोन अर्ध्यांची असते. ते दोन अर्धे एकमेकांवर किती घट्ट टेकतात यावर आतला ताण ठरतो आणि ते काम हा नट करतो. कमी आवळला तर अर्धे हलत राहतात, रेस हबवर सरकते, तापते. अनेक गाड्यांत हा टॉर्क १८० ते ३०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, काहींत त्यानंतर ठरावीक अंश फिरवायचं असतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच घ्या. इम्पॅक्ट गनने अंदाजे आवळू नका. नट नवाच वापरा. आणि नट पूर्ण आवळल्याशिवाय चाकावर गाडीचं वजन टेकवू नका, ढकलूनही नको. चाक वर असताना सहकार्‍याने ब्रेक दाबून धरावा आणि तुम्ही टॉर्क रेंच लावावा. काढताना नट जमिनीवर सैल केलेला चालतो, कारण ते बेअरिंग जाणारच असतं. बसवताना ती मुभा घेऊ नका.

प्रेसऐवजी लांब स्क्रूचं बेअरिंग किट वापरलं तर नकल गाडीवरच राहतो आणि अलाइनमेंटही फारसं बिघडत नाही. घरच्या कामाला मला ते जास्त आवडतं: दाब हळू येतो आणि तिरकं जायला लागलं की लगेच दिसतं. आधाराचा नियम मात्र तिथेही तोच. टॉर्क रेंच, गॉगल आणि मजबूत जॅक स्टँड यांपैकी एकही नसेल, तर नकल काढून कुठल्यातरी चांगल्या वर्कशॉपमध्ये फक्त दाबून आणा आणि हब दाबताना आतल्या रेसखाली आधार देतात का, ते उभं राहून बघा.

पुढचं बेअरिंग मागवण्याआधी एक करा. जे गेलं ते गाडीतून निघालं की फेकू नका. सील उचकटा, ग्रीस पुसा आणि बाहेरची रेस दिव्याखाली तिरकी धरा. सारख्या अंतरावर ठिपके दिसले तर दाब छर्‍यांमधून गेला होता. छर्‍यांच्या वाटेची पट्टी एका बाजूला कडेच्या जवळ आणि समोरच्या बाजूला लांब सरकलेली दिसली तर बेअरिंग तिरकं होतं. आतली रेस आतून चकाकलेली किंवा निळसर असेल तर नट किंवा हबचा गळा तपासा. ग्रीस तपकिरी आणि पाणचट असेल तर सील फाटून पाणी शिरलं. त्या रेसचा फोटो पाठवलात तर यातलं नेमकं काय झालं ते सांगता येईल.